हलक्या ठोक्यावरचं पाऊल

मी माझ्या मामाचं लंगडणं चारचौघांना दाखवलं आणि चारचौघे हसले. चूक माझी होती. "तेव्हा वयच तसं होतं, कळलं नाही," असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. बायकोला सांगितलं, एका मुलाखतीतही सांगितलं, आणि स्वतःला किती वेळा सांगितलं त्याची तर गणतीच नाही. ते खरं नाही. ज्या दिवसांत मी ती चित्रं काढत होतो, त्या दिवसांत मामा खोलीत आला की मी कागद पालथे घालायचो. ज्याला कळत नसतं तो कागद पालथे घालत नाही. पुढे माझं सगळं नाव, नोकरी, घरदार ज्या बारा चित्रांवर उभं राहिलं, ती मी अशी लपवून ठेवली होती. हे आधी लिहून टाकलं म्हणजे बाकीचं सांगायला तोंड राहील.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत आम्ही दोन खोल्यांत राहायचो. वडील एस.टी.त कंडक्टर, त्यामुळे ते घरी नसण्याचीच आम्हाला सवय. आई, मी आणि मामा. मामा आईचा थोरला भाऊ. आई त्याला दादा म्हणायची, तो तिला इंदू; मी मात्र अरे-तुरे करायचो आणि तो मला भाचेबुवा म्हणायचा. मूळचा मनमाडचा, लग्न न केलेला, आणि नाशिकच्या एका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. सकाळी देवळांच्या घंटा, मग हातगाड्यांची खडखड, मग भाजीच्या लिलावाची ओरड, आणि या सगळ्याच्या तळाशी मामाचा रियाज. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो क्लॅरिनेटच्या तोंडात आईच्या जुन्या लुगड्याचा बोळा कोंबायचा. आवाज असा यायचा की कुणीतरी गोधडीत तोंड खुपसून गातंय. वाद्याची ती बांबूची पातळ पट्टी, रीड, तो भांड्यात पाणी घेऊन भिजत ठेवायचा. एकदा वडील ड्यूटीवरून आले आणि ते पाणी घटाघटा प्यायले. रीड दाताला लागली तेव्हा कळलं. मामा म्हणाला, "दाजी, आता तिकिटं सुरात फाडा म्हंजे झालं." आई हसून हसून खाली बसली. रविवारी मामाला सुपारी नसली की आई वरण-बट्टी करायची, सोबत वांग्याची भाजी. बट्टी फोडून तिच्यावर तूप ओतताना मामा डोळे मिटून एक मोठा श्वास घ्यायचा, जसा तो वाजवायला सुरुवात करण्याआधी घ्यायचा. आता मी स्वतः डॉक्टरच्या सांगण्यावरून तूप सोडलंय, पण कुठे तूप कढवल्याचा वास आला की मला आधी तो श्वास ऐकू येतो.

मामाचा डावा पाय आखूड होता. लहानपणी झाडावरून पडला, मनमाडच्या एका हाड बसवणाऱ्याने पाय बांधला आणि तो तसाच वाकडा जुळला. दोन बोटांचा फरक. चांभाराकडून एका चपलेचा तळवा जाड करून घेतला होता, तरी चालताना फरक कळायचा. गल्लीच्या तोंडापाशी त्याची पावलं ऐकू आली की आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची. एक पाऊल लांब, एक तोकडं. लांब, तोकडं. आम्ही त्या आवाजावर वाढलो. पण वरातीत मामा लाल कोट घालून, सोनेरी फीत सरळ करून, बँडच्या पुढच्या रांगेत वाजवत निघाला की हे लंगडणं कुठे जायचं कोण जाणे. मैल-मैल चालायचा आणि कुणाला काही दिसायचं नाही. बँडमध्ये पायाने अधू माणूस कोण ठेवेल? मालकालाही त्याला कामावर घेऊन वर्ष झाल्यावर कळलं म्हणे, आणि तोवर अख्ख्या शहरात त्याच्यासारखा क्लॅरिनेटवाला दुसरा नव्हता.

मी बारावी झाल्यावरची गोष्ट. देवळाली कॅम्पमध्ये एका सुभेदाराच्या मुलीचं लग्न होतं. मी जेवणाच्या आशेने बरोबर गेलो होतो. परतीच्या बसमध्ये मामा खिडकीशी बसला होता, मांडीवर क्लॅरिनेटची पेटी. मी सहज विचारलं, "मामा, वाजवताना तू लंगडत नाहीस. ते कसं?"

त्याने मागेपुढे पाहिलं. बँडची बाकीची मंडळी मागच्या सीटवर पत्ते कुटत होती.

"लंगडतो की," तो म्हणाला. "तुला दिसत नाय एवढंच."

"म्हणजे?"

"ढोलाचे दोन ठोके असतात बघ. एक मोठा, एक हलका. मोठ्या ठोक्याला सगळ्यांची नजर जाते. तिथं मी चांगला पाय टाकतो. वाकडा पाय हलक्या ठोक्यावर. हलक्या ठोक्याकडं कोण बघतंय?" मग पेटीवर बोटाने वाजवून दाखवत म्हणाला, "आणि वाकडा पाय खाली जातो ना, तेवढ्यात क्लॅरिनेटचं तोंड वर उचलायचं. जरासंच. लोक वरती बघतात. पाय राहतो खाली."

त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"हे बँडमधल्यांनाबी ठाव नाय, भाचेबुवा. पोटात ठेव."

त्याच वर्षी मी करमरकर सरांकडे जायला लागलो. सरांनी मुंबईत कार्टून-फिल्मच्या कामात वीस वर्षं काढली होती आणि म्हाताऱ्या आईसाठी ते नाशिकला परत आले होते. दोन मोठ्या खोल्यांत त्यांनी आपलं छोटं युनिट टाकलं होतं. आम्ही पाच जण. काचेची टेबलं, काचेखाली ट्यूबलाइट, टेबलाच्या कडेला दोन खुंट्या. कागदाला वर दोन भोकं पाडायची, ती खुंट्यांत अडकवायची, म्हणजे खालच्या चित्रावरून वरचं चित्र केसभर सरकवून काढता येतं. पाच कागद पाच बोटांत धरून चाळत राहायचं, काढत राहायचं. संध्याकाळी बोटं शिशाने चांदीसारखी चमकायची. सेकंदाला चोवीस फ्रेम, एक चित्र दोनदा घ्यायचं, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. तीन मिनिटांच्या फिल्मला किती, याचा हिशेब आम्ही करत नसू, केला तर जेवण जायचं नाही. आज माझ्या विद्यार्थ्यांच्या हातात काचेची पाटी असते, चूक झाली की बोटाच्या एका टिचकीने पुसली जाते. मी तक्रार करत नाही. फक्त त्यांच्या बोटांकडे बघतो, ती स्वच्छ असतात.

सरांचं एकच म्हणणं असायचं. "हलवायला काय लागतं? पंखाही हलतो. जिवंत कर." आणि जिवंत करण्याचा त्यांचा मार्ग संगीताचा होता. चित्र आधी आणि मग त्याला मागून संगीत लावायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. संगीत आधी. टेप थांबवून थांबवून ते ठोका कितव्या फ्रेमवर पडतो ते एका लांब तक्त्यावर उतरवायचे आणि म्हणायचे, आता या सुराला वजन किती ते सांग. हा सूर पिसासारखा पडतो की पोत्यासारखा? मग तसा हात काढ. तसं डोकं वळव. मला सुरुवातीला हे सगळं नुसतं बोलणं वाटायचं. पण एकदा त्यांनी माझ्याकडून नुसता एक थेंब काढून घेतला, बासरीच्या एका लांब सुरावर ताणत जाणारा आणि सूर तुटला तिथे टपकणारा. पडद्यावर तो थेंब टपकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पेन्सिलीच्या चौदा रेघोट्यांना जीव होता आणि तो जीव सुरातून आला होता.

सरांनी मुंबईच्या एका स्पर्धेसाठी फिल्म करायची ठरवली. पाखरांची वरात. गोदावरीच्या घाटावरून पोपट नवरदेव निघालाय, कावळे ढोल बडवताहेत, आणि पुढे लाल कोट घातलेला एक बगळा क्लॅरिनेट वाजवत चाललाय. बगळा माझ्याकडे आला. संगीतासाठी मी मामाचं नाव सुचवलं. खोलीच्या दारांना गोधड्या टांगून रेकॉर्डिंग झालं. मामा आणि बँडमधला एक ढोलवाला. सरांनी त्याला भिंतीवर चिकटवलेली चित्रं दाखवली आणि म्हणाले, "यांना नाचवा." मामाने चित्रांपुढून एक फेरी मारली, बगळ्यापाशी थांबला, खदखदून हसला. "अरे, हा तर माझा जातभाई! कोटबी माझाच घातलाय." मग डोळे मिटून तो श्वास, आणि जे वाजवलं ते मी पुन्हा कुणाकडून ऐकलं नाही. खोडकर, मधेच गळ्यात आल्यासारखं, पुन्हा खोडकर. सर टेप बंद करायचं विसरले.

आणि माझा बगळा काही त्या संगीताला लायक होईना. महिनाभर मी काढला. पाय उचलायचा, टाकायचा, ठोक्यावर बरोबर पडायचा, आणि सर प्रत्येक वेळी मान हलवायचे. "हा चालत नाही, अरुण. सरकतोय." बाकीच्यांचे कावळे-पोपट रंगवायला गेले. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की सोमवारपर्यंत झालं नाही तर बगळा ते दुसऱ्याला देतील. मला पुढे कुठेच जागा दिसत नव्हती. वडिलांनी एस.टी.त शब्द टाकून ठेवला होता. मी टेबलाशी बसलो, टेप लावली, मोठा ठोका, हलका ठोका, आणि माझा हात आपोआप बसमधलं ते बोलणं काढायला लागला. फक्त उलट करून. मामा लंगडं पाऊल हलक्या ठोक्यावर टाकायचा, मी ते मोठ्या ठोक्यावर टाकलं. तो क्लॅरिनेट वर उचलायचा, मी ते खाली झुकवलं. एका पावलाला सहा चित्रं असतात. मी चांगल्या पायाला सात दिली आणि लंगड्याला पाच, म्हणजे पाऊल घसरल्यासारखं पटकन खाली येतं. बारा चित्रं झाली. चाळून बघितली. बगळा चालत होता. त्याला वय होतं, त्याला घर होतं, कोटाच्या आत त्याला घाम येत होता.

सर बघून खुर्चीतून उठलेच. "हा कोण आहे? अरे, हा कुणीतरी आहे! कोण आहे सांग."

"कुणी नाही सर," मी म्हणालो. "डोक्यातून आला."

उरलेली चित्रं मी घरी आणून काढायचो. याच दिवसांत कागद पालथे घालणं सुरू झालं. मामा डोकावून विचारायचा, "माझा जातभाई कसा चालतोय?" आणि मी म्हणायचो, "थांब ना, आयतं बघ." आईने मात्र एकदा चहा ठेवता ठेवता मला कागद चाळताना पाहिलं. ती उभी राहिली.

"दादासारखा चालतो का रे हा?"

"छे गं. बगळा आहे तो."

"दादाला दाखवलंस?"

"त्याला एकदम पडद्यावर दाखवायचंय."

ती चहावर झाकण ठेवून गेली. ते झाकण तिने जरा जोरात ठेवलं, एवढं मला आठवतं. त्या वेळीही मला थांबता आलं असतं. पाच आणि सात, एवढाच बदल होता. सहा-सहा केलं असतं तर झालं असतं.

मुंबईत फिल्मला बक्षीस मिळालं आणि विशेष उल्लेख माझ्या बगळ्याचा झाला. गल्लीच्या गणेश मंडळाला हे कळलं. त्यांनी उत्सवात रविवारी सकाळी जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये फिल्म दाखवायची ठरवली, आणि संगीताबद्दल मामाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. मामाला आयुष्यात कुणी शाल दिली नव्हती. त्याने लाल कोट इस्त्रीला टाकला. मग म्हणाला, कोट नको, हा सत्काराचा कार्यक्रम हाय, आणि वडिलांचा पांढरा सदरा घातला. आईने भांग पाडायला त्याला आरसा धरला. हॉलच्या खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या होत्या. सगळी गल्ली आली होती, भाजीवाले, रिक्षावाले, पोरंटोरं. मामा पहिल्या रांगेत, आईच्या शेजारी. मी सरांबरोबर स्टेजवर, पडद्याच्या कडेला, तिथून मला लोकांचे चेहरे दिसत होते.

बगळा आला आणि पहिल्याच मोठ्या ठोक्याला हॉल फुटला. दुसऱ्या ठोक्याला पोरांनी टाळी दिली. चौथ्या-पाचव्या पावलाला मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हे आपले क्लॅरिनेटमामा!" मग तर काय, प्रत्येक लंगड्या पावलाला टाळी आणि हशा. मामा पडद्याकडे बघत होता. सुरुवातीला तोही हसत होता. मग तो ऐकायला लागला, हसू कुठे पडतंय ते. ताल कळणारा माणूस तो, त्याला दोन ओळींत कळलं असणार. आईने त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. ती मांडीवरच्या पर्सची कडी उघडत-मिटत राहिली.

फिल्म संपली, दिवे लागले. मंडळाचे अध्यक्ष भाजीचे व्यापारी होते, दणदणीत आवाजाचे. "आता आपल्या गल्लीचे कलाकार, यांनी स्टेजवर यावं!" मामा उठला. खुर्चीपासून स्टेजच्या पायरीपर्यंत अकरा पावलं. बँड नव्हता, ढोल नव्हता, वर उचलायला हातात क्लॅरिनेट नव्हतं. दुसऱ्या पावलाला मागच्या पोरांनी टाळी दिली. तिसऱ्याला नाही. चौथ्याला पुन्हा. आठव्यापर्यंत निम्मा हॉल टाळ्या देत होता, आणि त्यात वाईट मनाचं कुणी नव्हतं. सगळे त्याचं कौतुकच करत होते. मी स्टेजवर उभा राहून काय केलं ते पुढे कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी मोजत होतो. सात-पाच. सात-पाच. माझं गणित तंतोतंत बरोबर होतं, आणि मला त्या क्षणी आनंद झाला.

घरी आल्यावर मामाने शाल घडी करून आईच्या पेटीत ठेवली. वरण-बट्टी होती. त्याने एक बट्टी कमी खाल्ली. हात धुऊन आल्यावर म्हणाला, "झ्याक चालतो रे तुझा बगळा." मग टॉवेलला हात पुसत, माझ्याकडे न बघता, "एकच विचारतो. क्लॅरिनेट खाली का घेतलंस?"

"ते जास्त मजेदार दिसतं," मी म्हणालो.

"हां," तो म्हणाला. "दिसतं खरं."

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई सुरू झाली. पहिल्याच मोठ्या वरातीत मी बाजारातल्या मिठाईच्या दुकानापाशी उभा होतो. बँड आला. पुढच्या रांगेत मामा, लाल कोट, क्लॅरिनेट. आणि बाजूने गल्लीतली सात-आठ पोरं चालत होती. त्यांना आता कुठे बघायचं ते माहीत झालं होतं. मोठ्या ठोक्याला ती गप्प राहायची आणि हलक्या ठोक्याला टाळी द्यायची. हलका ठोका आता हलका राहिला नव्हता. मामाने पाऊल बदलून पाहिलं. एक ठोका रिकामा सोडला, पाय अदलाबदल केले, चांगला हलक्यावर आणि वाकडा मोठ्यावर. पोरंही बदलली. त्यांना खेळच सापडला होता. मग क्लॅरिनेटचा सूर मधेच तुटला. मामा रांगेतून बाहेर आला, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला, आणि भर रस्त्यात त्याने क्लॅरिनेटचे तुकडे एकेक करून सोडवले, पुसले, पेटीत ठेवले. वरात पुढे गेली. तो माझ्यापासून वीस पावलांवर होता. मी गल्लीत वळलो.

त्या हंगामातच त्याने बँड सोडला. मनमाडला चुलतभावाचं हार्डवेअरचं दुकान होतं, तिथे गल्ल्यामागे बसायचं काम. "बसून राहायचं हाय, पायाला आराम," असं आईला म्हणाला. आई म्हणाली, "दादा, भाऊबीजेला तरी येत जा." तो कधी आला नाही. आईच जायची. दर भाऊबीजेला सकाळच्या गाडीने, स्टीलच्या डब्यात बट्टी आणि तुपाची बाटली घेऊन. मी नाशिकला असलो की तिला नाशिकरोड स्टेशनला सोडायचो, डबा हातात द्यायचो, आणि गाडी हलेपर्यंत प्लॅटफॉर्मवर उभा राहायचो. "चल ना तूही," असं ती पहिली काही वर्षं म्हणाली. मला काम असायचं. संध्याकाळी ती परत यायची, "बरा आहे," म्हणायची, आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन सुतारी पेन्सिली काढून द्यायची. चपट्या, लाल रंगाच्या. दुकानातल्या. "भाचेबुवांना दे म्हणाला." एवढ्या वर्षांत मी त्यातली एकही तासली नाही. मुंबईत, हैदराबादला, पुन्हा नाशिकला, जिथे बिऱ्हाड गेलं तिथे त्या गेल्या. मध्ये दोनदा मी मामाला पत्र लिहिलं. दोन्हींत "माझा तसा हेतू नव्हता" हे वाक्य होतं, आणि दोन्ही मी टाकली नाहीत.

आता मी इथल्याच एका कॉलेजात हेच शिकवतो. तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या वर्षाच्या एका हुशार मुलीने चालण्याचा अभ्यास करून आणला. ढोलकीच्या तालावर चालणारा एक जाड माणूस, दर चौथ्या ठोक्याला त्याची मान झटका देते. वर्ग लोटपोट हसला. आमच्या कॉलेजच्या वॉचमनची मान तशी झटका देते. मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या बगळ्यावरून शिकले." वॉचमन तेव्हा हजेरीची वही घेऊन दारातच उभा होता. तोही हसत होता. हसताना त्याने एका हाताने मान धरून ठेवली होती. मी तास सोडला आणि माझ्या खोलीत जाऊन दार लावून बसलो. त्या मुलीला नंतर मी सगळं सांगितलं. ती वॉचमनकडे गेली. मला तिच्यापेक्षा पस्तीस वर्षं जास्त लागली.

आई गेल्या उन्हाळ्यात वारली. मामाला प्रवास झेपत नव्हता, तो आला नाही. भाऊबीज आली तेव्हा बायकोने न विचारता बट्ट्या केल्या, तोच स्टीलचा डबा भरला. मी एकटाच सकाळच्या गाडीने निघालो. डब्याबरोबर एक मोठा लिफाफा होता. महिनाभर घरी कागदावर, पेन्सिलीने, मी बगळा पुन्हा काढला होता. सहा आणि सहा. मान ताठ, पावलं सारखी, क्लॅरिनेट वर उचललेलं.

मामा दुकानाच्या मागच्या खोलीत राहतो. ऐंशीच्या घरात. खुर्चीतूनच त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या डब्याकडे.

"इंदूचा डबा," तो म्हणाला. त्याने तो मांडीवर घेतला, उघडला नाही. झाकणावर हात ठेवून बसला.

मी लिफाफा काढला. त्याने डबा बाजूला ठेवून कागद घेतले, आणि मला नवल वाटलं, बरोबर पाच बोटांत धरून चाळले. कधीतरी माझ्या मागे उभा राहून शिकला असणार. एकदा चाळले, पुन्हा चाळले.

"हा कोण हाय?"

"बगळा, मामा. मी पुन्हा काढला."

"तो नाय. त्याला मी वळखायचो. ह्याचे दोन्ही पाय सारखे." कागद त्याने नीट करून माझ्याकडे दिले. "मला आता पाय बसवून देतोस का?"

"तेव्हा माझ्या मनात तसं काही—"

"तुझ्या मनातलं मला ठाव नाय," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "लंगडा तर मी होतोच. मनमाडच्या पोरांनी चिडवलं, शाळेत मास्तरनं चिडवलं, त्याचं काय नाय. तुझी चित्रं चांगली होती. पन बसमधी तुला एकट्याला सांगितलं होतं मी. इंदूलाबी नव्हतं सांगितलं."

बाहेर दुकानात कुणीतरी खिळे तोलत होतं. मी खुर्चीवरून उठून त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. बाहेरच्या माणसाला ऐकू गेलं असेल तर असो. मी म्हणालो,

"मामा, तू मला विश्वासाने सांगितलंस ते मी लोकांना हसायला दिलं. मला तेव्हाच कळत होतं. म्हणून तू आलास की मी कागद पालथे घालायचो. आईने विचारलं तेव्हा तिच्याशी खोटं बोललो. तू शाल घ्यायला येत होतास तेव्हा मी तुझी पावलं मोजत होतो, आणि माझं गणित बरोबर आलं म्हणून मला आनंद झाला. वरातीत तू पायरीवर बसलास तेव्हा मी मिठाईच्या दुकानापाशी होतो. मी तुला पाहिलं आणि गल्लीत वळलो. माझं चुकलं, मामा. मला माफ कर."